लादीवरची इंग्लिश खाडी: छोट्या बोटींच्या लढाईसाठी पहिला नियमसंच निवडताना

रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं हॉलच्या लादीवर दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या लढाऊ बोटींची लढाई, प्रतिकृती आणि फासे घेऊन, खेळायला बसलो. दीड वाजता आईने पानं घेतल्याची हाक मारली तेव्हा दोन फेऱ्या झाल्या होत्या. खेळातल्या घड्याळाने जेमतेम एक मिनिट. चार बोटी, तीन माणसं, जाडजूड नियमपुस्तिका, आणि टॉर्पेडो अजून कोणी सोडलेलाच नाही. भाची तोवर मोबाइलमध्ये शिरली होती, आणि तिला बोलण्यात अर्थ नव्हता. पुस्तिका वाईट नव्हती. तिचं नाव सांगत नाही, कारण ज्यांना ती आवडते त्यांना खरंच आवडते. चूक माझी होती. चित्रं बघून पुस्तिका घेतली, बोटी मागवल्या, महिनाभर रंगवल्या आणि नियम सगळ्यात शेवटी वाचले.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. आधी खरी लढाई कशी व्हायची ते समजून घ्यायचं, मग पुठ्ठ्याच्या बोटी कापायच्या, मग एकच ठरलेली लढाई दोन-तीन नियमसंचांवर खेळून बघायची. पैसे त्यानंतर. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी लढाई, मग नियम

किनाऱ्यालगतच्या आरमारी खेळांत सगळ्यात लोकप्रिय रणभूमी दुसऱ्या महायुद्धातली इंग्लिश खाडी आणि उत्तर समुद्राचा दक्षिण भाग ही आहे. एका बाजूला ब्रिटिशांच्या मोटर टॉर्पेडो बोटी आणि मोटर गनबोटी, दुसऱ्या बाजूला जर्मनांच्या एस-बोटी, म्हणजे वेगवान टॉर्पेडो बोटी (इंग्रज त्यांना ई-बोट म्हणत), आणि आर-बोटी, म्हणजे सुरुंग काढायच्या पण गस्त आणि सोबतीलाही जुंपलेल्या बोटी. फेलिक्स्टो, ग्रेट यारमथ, डोव्हर, डार्टमथ इथून ब्रिटिश निघायचे. आयमाउडन, ऑस्टेंड, बुलोन, शेरबुर्ग इथून जर्मन. दोघांचं खरं लक्ष्य एकच होतं: समोरच्याची किनाऱ्याकडेने हळूहळू जाणारी मालजहाजं.

नियम पारखताना दोन बोटींचे आकडे लक्षात असू द्या. ब्रिटिशांची व्हॉस्पर मोटर टॉर्पेडो बोट साधारण २२ मीटर लांब, वेग ४० नॉटच्या (तासाला चौऱ्याहत्तर किलोमीटरच्या) आसपास, २१ इंची टॉर्पेडोच्या दोन नळ्या, पेट्रोलवर चालणारी तीन इंजिनं. जर्मनांची एस-बोट सुमारे ३५ मीटर, वेग तितकाच, दोन नळ्या आणि वर दोन जादा टॉर्पेडो, पण इंजिनं डिझेलची. हा पेट्रोल-डिझेलचा फरक छोटा वाटतो. लाकडी बोटीच्या पोटात हजारो लिटर पेट्रोल असताना २० मिलिमीटरचा एक गोळा आत शिरला तर काय होईल, याचा विचार करा. ज्या नियमांत व्हॉस्पर आणि एस-बोट सारख्याच पेटतात ते माझ्या दृष्टीने नापास.

दुसरी गोष्ट वेगाची. चाळीस नॉट ऐकलं की डोळ्यांसमोर फेस उडवत धडकणाऱ्या बोटी येतात. प्रत्यक्षात टॉर्पेडो बोटीचा हल्ला बहुतेक वेळा हळू असायचा. रात्र, इंजिनांचा आवाज दाबलेला, आठ-दहा नॉटने सरकत जवळ जायचं, टॉर्पेडो सोडायचे आणि मगच पळ काढायचा. पूर्ण वेगाने गेलं की आवाज मैलभर जातो आणि मागे पांढरा फेसाचा पट्टा उमटतो. रॉबर्ट हिचेन्स हा गनबोटींचा नामांकित कप्तान मुळात कॉर्नवॉलचा वकील. एस-बोटींचा भर समुद्रात पाठलाग करण्यापेक्षा त्यांच्या परतीच्या वाटेवर, थेट शत्रूच्या किनाऱ्याजवळ, इंजिनं बंद करून दबा धरायचा, ही त्याची रीत. एप्रिल १९४३ मध्ये तो मारला गेला. नियमांत हळू जाणाऱ्याला काहीच फायदा नसेल, तर हिचेन्स तुमच्या लादीवर पहिल्याच फेरीत हरेल.

लादीचं गणित

आता घरात या. एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर. चाळीस नॉटने जाणारी बोट सेकंदाला साडेवीस मीटर कापते, म्हणजे मिनिटाला बाराशे मीटरच्या वर. बोटी १/३०० मापाच्या, म्हणजे खऱ्या बोटीच्या तीनशेव्या भागाएवढ्या, असतील आणि अंतरही त्याच मापाने धरलं, तर एका मिनिटात ती बोट टेबलावर चार मीटर धावेल. हॉलमधून स्वयंपाकघरात. म्हणून जवळपास प्रत्येक नियमसंच बोटीचं माप एक आणि अंतराचं माप दुसरं धरतो. ही लबाडी नाही, गरज आहे. फक्त ती किती केली आहे ते तपासायचं.

मी वापरतो ते माप सांगतो, कारण हॉलमधल्या दोन बाय दोन फुटी लाद्यांना ते चपखल बसतं. एक सेंटीमीटर म्हणजे दहा मीटर, एक फेरी म्हणजे तीस सेकंद. मग दर दहा नॉटला पंधरा सेंटीमीटर. आठ नॉटचं मालजहाज फेरीला बारा सेंटीमीटर सरकतं आणि चाळीस नॉटची बोट जवळजवळ बरोबर एक लादी. टॉर्पेडोचा वेग ४४ नॉट धरला तर तो ६८ सेंटीमीटर. पाच लाद्या म्हणजे तीन किलोमीटर, रात्रीच्या लढाईला रग्गड.

कुठलाही नियमसंच हातात आला की हाच हिशोब त्यावर करून बघा. बोटीचा वेग, टॉर्पेडोचा वेग आणि तोफेचा पल्ला यांचं आपसातलं प्रमाण शाबूत आहे का? प्रमाण टिकलं असेल तर माप कितीही ताणलेलं असू दे, खेळ खरा वाटतो. टॉर्पेडो आणि बोट यांच्या वेगात तर खऱ्या समुद्रातही फार अंतर नव्हतं. ज्या नियमांत टॉर्पेडो गोळीसारखा सुटतो आणि त्याच फेरीत टेबलाच्या पलीकडे पोचतो, ते लिहिणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो.

बोटी विकत घेऊ नका, अजून

जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड, गुळगुळीत, कात्रीने नीट कापला जाणारा पुठ्ठा त्याहून चांगला मिळत नाही. १/६०० मापात व्हॉस्पर ३.७ सेंटीमीटर येते, म्हणजे आगपेटीच्या काडीएवढी. एस-बोट ५.८ सेंटीमीटर. १/३०० मापात याच्या दुप्पट. दोन व्हॉस्पर, एक आर-बोट, एक मालजहाज कापा, नाक टोकदार करा, प्रत्येकीवर मध्यभागी ठिपका द्या. सगळी मापं या ठिपक्यापासून घ्यायची. बोट अंतराच्या मापाहून मोठी असल्यामुळे नाकापासून मोजलं की भांडणं होतात, आणि पहिल्या डावात भांडण झालं की दुसरा डाव होत नाही.

समुद्रासाठी निळी चादर घेऊ नका. तिला चुण्या पडतात आणि बोटी कलंडतात. पापड-कुरडया वाळवायचं प्लास्टिक अंथरा. आमच्याकडचं निळंच आहे, आणि उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर मोकळं असतं.

फाशांबद्दलही एक सांगून ठेवतो. बरेच इंग्रजी नियमसंच दहा बाजूंचे फासे मागतात. मोठ्या शहरातल्या बोर्डगेमच्या दुकानांत किंवा ऑनलाइन ते मिळतात, पण नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात ल्युडोचाच फासा असतो. सहा बाजूंवर चालणारे नियम पहिल्यांदा घेतले तर एक अडथळा कमी. निव्वळ फाशापायी चांगले नियम सोडू मात्र नका.

चाचणीची लढाई

प्रत्येक नियमसंचावर हीच लढाई खेळायची, काहीही न बदलता. हॉलंडचा किनारा, १९४२, अंधारी रात्र, समुद्र शांत. एक मालजहाज आठ नॉटने सरळ रेषेत चाललंय, त्याच्या समुद्राकडच्या अंगाला एक आर-बोट. दोन व्हॉस्पर चार लाद्या अंतरावरून येतात. मालजहाज बुडालं तर ब्रिटिश जिंकले. ते मांडलेल्या समुद्राच्या दुसऱ्या कडेला पोचलं तर जर्मन. एवढंच.

विनाशिका नको, विमान नको, किनाऱ्यावरच्या तोफा नकोत. नवशिके नेहमी मोठी लढाई घ्यायला बघतात, आणि त्यांच्या हाती हमखास लाइम बेची रात्र लागते. २८ एप्रिल १९४४ ला शेरबुर्गहून निघालेल्या नऊ एस-बोटी सरावावर निघालेल्या आठ अमेरिकी रणगाडावाहू जहाजांवर तुटून पडल्या, दोन जहाजं बुडवली, सातशेच्या वर माणसं गेली. प्रसंग भयंकर आहे, पण खेळ म्हणून एकतर्फी. अमेरिकी बाजूने बसलेल्याला चाळीस मिनिटं मार खाण्यापलीकडे काही काम नसतं.

खेळताना शेजारी एक कागद ठेवा आणि तीनच गोष्टी नोंदवा. एका फेरीला किती मिनिटं लागली. पुस्तिका किती वेळा उघडावी लागली. आणि "थांब, हे कसं धरायचं?" हे वाक्य किती वेळा आलं. पहिल्या दोन फेऱ्यांचे आकडे सोडून द्या, तिसरीपासून धरा. तिसऱ्या फेरीनंतरही चार बोटींना दहा मिनिटांहून जास्त लागत असतील, तर नियम वाईट आहेत असं नाही, पण ते तुमच्या पहिल्या वर्षाचे नव्हेत.

टॉर्पेडो: इथेच ठरतं

माझ्या मते निवडीचा निम्मा निकाल टॉर्पेडोच्या पानावर लागतो. ते पान आधी वाचा. साधारण तीन पद्धती दिसतील.

पहिल्या पद्धतीत अंतर बघायचं, फासा टाकायचा, लागला की लागला. झटपट होतं, पण टॉर्पेडो म्हणजे मोठी तोफ होऊन बसते. मालजहाजाच्या कप्तानाला करण्यासारखं काहीच उरत नाही.

दुसऱ्या पद्धतीत टॉर्पेडो टेबलावर ठेवायचा आणि फेरीगणिक पुढे सरकवायचा. आगपेटीची काडी पुरते. तिसरीत सोडणारा दिशा कागदावर गुपचूप लिहितो आणि दोन फेऱ्यांनी उघड करतो. ती सगळ्यात खरी, पण त्यासाठी पंच लागतो किंवा खेळणाऱ्यांचा एकमेकांवर बराच विश्वास. पहिल्या वेळी दुसरी निवडा.

का, ते एका हल्ल्यावरून बघू. व्हॉस्पर मालजहाजापासून हजार मीटरवर आहे, म्हणजे लादीवर एक मीटर. जहाज काटकोनात आडवं चाललंय. ४४ नॉटचा टॉर्पेडो सेकंदाला साडेबावीस मीटर जातो, म्हणजे त्याला पोचायला ४४ सेकंद. तेवढ्यात आठ नॉटचं जहाज १८० मीटर पुढे सरकलेलं असेल. जहाजाची लांबी साठ-पासष्ट मीटर धरली तर नेम त्याच्या तीन लांब्या पुढे धरायचा, रिकाम्या पाण्यावर. लादीवर अठरा सेंटीमीटर. भाचीला हे तोंडी सांगून पटेना, "मामा, जहाज तिकडे आहे आणि तू इकडे मारतोयस?" काडी ठेवली, दोन फेऱ्या सरकवली आणि जहाज आपल्या पायांनी चालत तिच्यासमोर आलं तेव्हा ती जे ओरडली, ते शेजाऱ्यांनी ऐकलं असेल.

पुढच्या डावात ती जर्मन होती. काडी दिसताच तिने जहाज वळवलं आणि माझे दोन्ही टॉर्पेडो शेपटीमागून गेले. दीड फेरीची ती सवड हाच या खेळाचा जीव आहे. ज्या नियमांत ती मिळत नाही, त्यांत बाकी सगळं कितीही देखणं असो.

एक बारकावा. टॉर्पेडो पाण्याखाली काही मीटर खोलीवरून धावतो आणि या बोटींचा तळ जेमतेम दीड मीटर पाण्यात असतो. त्यामुळे टॉर्पेडो बोटीने टॉर्पेडो बोट बुडवायची हे सहसा जमणारं नव्हतं; तो खालून निघून जायचा. नियमांत यावर बंधन नसेल तर पहिल्याच डावात कुणीतरी आर-बोटीवर टॉर्पेडो सोडेल आणि तो लागेलही. घरचा नियम म्हणून लिहून ठेवा: टॉर्पेडो फक्त मोठ्या जहाजांवर.

तोफांचं पान

इथे उलटं. टॉर्पेडोला बारकाई हवी, तोफांना नको. ब्रिटिशांची फेअरमाइल डी बोट घ्या, ३५ मीटरची, खलाशी तिला डॉग बोट म्हणत. तिच्यावर सहा पौंडी तोफा, २० मिलिमीटरची जोडतोफ, अर्ध्या इंची मशीनगनच्या जोड्या, शिवाय हलक्या मशीनगन. प्रत्येक नळीचा वेगळा फासा, वेगळा पल्ला, वेगळी अधिक-उण्यांची (फाशाच्या हिशोबात मिळवायच्या-वजा करायच्या गोष्टींची) यादी असेल, तर एका बोटीच्या एका फेरीला पाच-सहा वेळा फासे टाकावे लागतात. आमचा तो रविवार इथेच गेला.

नवशिक्यासाठी एका बोटीच्या एका बाजूच्या सगळ्या तोफा मिळून एक आकडा असावा. जवळ इतके फासे, लांब इतके, बास. अधिक-उणे मोजून चार चालतील: आपला वेग, समोरच्याचा वेग, अंधार, आणि आपली बोट जखमी आहे का. पाचवं दिसलं की मी भुवया उंचावतो.

सगळ्यांत आधी मारा कुणाचा, हेही बघा. एकाने आपल्या सगळ्या बोटी हलवायच्या, सगळा मारा करायचा, मग दुसऱ्याने, अशी पद्धत पायदळाच्या खेळात चालते. इथे बोट एका फेरीत अख्खी लादी पार करते. समोरचा गप्प बसलेला असताना ती त्याच्या तोंडासमोरून जाऊन मागून मारते आणि त्याला एक गोळीही झाडता येत नाही. याला उपाय सोपा आहे आणि बऱ्याच चांगल्या नियमांत असतो. बोटींच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, जिची निघेल तिने हलायचं, आणि सगळ्या हलून झाल्यावरच तोफा. हुकूम आधी लिहून सगळ्यांनी एकदम हलवायची जुनी रीतही आहे. मोठ्या युद्धनौकांना ती शोभते, वेगवान बोटींत मात्र लिहिण्यात जीव जातो.

अंधार

सोप्या नियमसंचांत सगळ्यात आधी कात्री लागते ती अंधाराला, आणि ती लागली की उरते भर दुपारची मारामारी. निदान दोन गोष्टी असल्याच पाहिजेत: किती अंतरावर कोण दिसतं, आणि वेग वाढवला की ते अंतर वाढतं. प्रकाशगोळा उडवायची सोय असली तर उत्तम.

नसेल तर पाण्याच्या बाटलीची झाकणं काढा. ब्रिटिशांना तीन झाकणं द्या, दोन झाकणांखाली बोटी, एक रिकामं. झाकण दहा नॉटच्या आत असेल तर एका लादीच्या आत आल्यावरच उचलायचं, जास्त वेगात असेल तर तीन लाद्यांवरूनच. एवढ्या एका नियमाने आमचा खेळ बदलला. रिकामं झाकण जोरात पुढे काढून आर-बोटीला भलतीकडे ओढून न्यायचं, हे भाचीने स्वतः शोधून काढलं. खऱ्या कप्तानांनीही अशी हूल दिलेली आहे, एक बोट आवाज करत एका बाजूला, बाकीच्या गुपचूप दुसऱ्या.

न दिसण्याचा खेळ किती गंभीरपणे घेतला गेला याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. १९४२ मध्ये लिव्हरपूलला गिल्बर्ट रॉबर्ट्स या नौदल अधिकाऱ्याने एका खोलीच्या जमिनीवर अटलांटिक मांडला. काफिल्यांचं रक्षण करणारे कप्तान कापडी पडद्यांआड उभे राहून छोट्या फटींतून बघायचे, आणि नौदलातल्या तरुण मुली खडूने जहाजांच्या वाटा आखायच्या. पाणबुड्यांची वाट हिरव्या खडूने, जो त्या फटींतून दिसत नसे. तिथे शोधलेले डावपेच खऱ्या समुद्रावर वापरले गेले. आपल्याला एवढं नको, पण खडू आणि लादी पुरते हे तरी कळतं.

नुकसान आणि कागद

याबद्दल फार नाही. एका बोटीची सगळी माहिती पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावली पाहिजे: वेगाच्या तीन पायऱ्या, तोफांचा आकडा, टॉर्पेडो किती उरले, आणि खोडायला सहा ते दहा चौकोन. शिवाय "इंजिन बंद", "सुकाणू अडकलं", "आग" असे चार-पाच खास प्रकार. आग मात्र असलीच पाहिजे, आणि पेट्रोलच्या बोटीला ती जास्त सहज लागली पाहिजे. कार्ड पाठीमागे उलटावं लागत असेल तर ते नियम दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

वळणाचंही तसंच. पुठ्ठ्याची एक वळणपट्टी, हळू असताना जास्त अंश, वेगात कमी. कोनमापक लागत असेल तर नको.

आता दुकान

चाचणीत जे नियम टिकले ते घ्या. शोधायला निघालात की पहिल्यांदा दिसेल तो वॉरलॉर्ड गेम्स या ब्रिटिश कंपनीचा २०१८ मध्ये आलेला क्रूएल सीज, १/३०० मापाच्या बोटींचा. बोटी देखण्या आहेत आणि नव्या माणसाला ओढ लावतात. त्यालाही हीच चाचणी लावा, नावाला भुलू नका आणि नाव मोठं म्हणून नाकंही मुरडू नका. त्याखेरीज दहा-वीस पानांचे, पीडीएफ म्हणून मिळणारे बरेच छोटे नियमसंच आहेत. पहिल्या खेपेला मला तेच आवडतात, कारण छापून, पिना मारून, त्यावर पेनाने खरडता येतं. घेण्याआधी तीन पानं बघायला मिळतात का ते पाहा: फेरीचा क्रम, एका बोटीचं कार्ड, आणि शेवटचा एकपानी सारांश. सारांशाचं पानच नसेल तर लिहिणाऱ्याने खेळताना कधी स्वतःचं पुस्तक चाळून बघितलेलं नाही, असं मी समजतो.

मापाबद्दल माझा कौल १/६०० ला. १/१२०० ची व्हॉस्पर दोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. रंगवताना चष्मा लागतो आणि केर काढताना ती सुपलीत जाते. १/३०० सुरेख दिसतं, पण मालजहाज वीतभर होतं आणि जागा खातं. परदेशातून मागवताना बोटींच्या किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढतं, म्हणून चौघांनी मिळून एकच पार्सल मागवा.

तीन डाव होईपर्यंत एकही नियम बदलू नका, वर सांगितलेल्या टॉर्पेडोच्या बंधनाचा आणि झाकणांचा अपवाद सोडून. पहिल्या डावात जो नियम मूर्खपणाचा वाटतो तो तिसऱ्यात बऱ्याचदा शहाणा निघतो. मग एका वेळी एकच बदल.

"आणि आपलं आरमार?"

हे प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच हवं. खांदेरी, १६७९. मराठ्यांनी बेटावर तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या गलबतांनी झडप घातली. इंग्रजांचं डव्ह हे गुराब (दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज) हातचं गेलं, रिव्हेंज हे जहाज मात्र एकटं झुंजत टिकलं. किनाऱ्यालगतच्या लढाईचा यापेक्षा सरस नमुना शोधून सापडणार नाही. पण एस-बोटींचे नियम इथे चालत नाहीत. त्या नियमांत वेग बोटीचा असतो, इथे तो वाऱ्याचा आहे. वारा पडला की इंग्रजांचं जड जहाज जागच्या जागी उभं राहतं, आणि वल्ह्यांचं गलबत त्याच्या मागच्या अंगाला, जिथे तोफा कमी, तिथे जाऊन पोचतं. शिवाय उथळ पाणी: गलबतं रात्री किनाऱ्याच्या कडेकडेने बेटावर सामान पोचवत, जिथे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना शिरताच येत नसे. त्याला वारा, वल्ही आणि पाण्याची खोली या तीन गोष्टी सांभाळणारे नियम हवेत, म्हणजे शिडाच्या जहाजांचा वेगळा नियमसंच. झाकणं मात्र तीच चालतील.

इंजिनाच्या बोटींतच आपला धागा हवा असेल तर ब्रह्मदेशातला आराकानचा किनारा बघा. १९४४-४५ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटर लाँच तिथल्या भरती-ओहोटीच्या खाड्यांत जपान्यांच्या रसदीच्या होड्या अडवत फिरत होत्या. या लाँच वीसेक नॉटच्या, टॉर्पेडोचं काम नाही, दोन्ही बाजूंना झाडी आणि झाडीत तोफ असू शकते. चौथ्या-पाचव्या डावाला हे उत्तम, आणि नियम तेच चालतात. फक्त समुद्राच्या जागी लाद्यांवर वर्तमानपत्राचे तुकडे टाकून खाडी अरुंद करायची. ओहोटी लागली की दर तीन फेऱ्यांनी कागद दोन बोटं आत सरकवा. गेल्या रविवारी भाचीची लाँच अशीच सोफ्याच्या पायापाशी चिखलात रुतली. ती म्हणते हा नियम मी खेळ चालू असताना काढला. पोस्टकार्डावर आधीच लिहिलेला होता, मी दाखवला. अक्षर वाचता येत नाही असं तिचं म्हणणं.